‘खंडपीठ’ म्हणजे नेमके काय: दोन न्यायमूर्ती, की न्यायालयाचे ठिकाण?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. माझा प्रश्न एका शब्दाच्या अर्थापुरता आहे. परंतु त्या एका शब्दापायी आमच्या घरात गेले आठ दिवस वाद चालू असल्यामुळे थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

आमच्या काकांची शेतजमिनीच्या फेरफाराची तक्रार तहसीलपासून सुरू होऊन महसूल खात्याच्या पायऱ्या चढत गेली आणि शेवटी वरच्या आदेशाविरुद्ध त्यांनी छत्रपती संभाजीनगर येथे उच्च न्यायालयात रिट याचिका केली. ती याचिका नुकतीच फेटाळली गेली. स्थानिक वृत्तपत्रात ‘खंडपीठाने याचिका फेटाळली’ अशी दोन ओळींची बातमीही आली. त्यानंतर वकीलसाहेबांचे पत्र आले, त्यातील वाक्य जसेच्या तसे देतो: ‘एकलपीठाच्या सदर निर्णयाविरुद्ध खंडपीठाकडे लेटर्स पेटंट अपील दाखल करण्याबाबत आपण मुदतीत निर्णय कळवावा.’

काकांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि त्यांनी आयुष्यात एकही कागद न वाचता सही केलेली नाही. त्यांचे म्हणणे असे, की निकाल खंडपीठानेच दिला, पेपरातही तसेच छापून आले, न्यायालयाच्या पाटीवरही ‘खंडपीठ’ असाच शब्द आहे. मग ज्याने नाही म्हटले त्याच्याच दारात पुन्हा जायचे कशासाठी? ‘हा फी काढण्याचा नवा मार्ग दिसतो,’ असे ते स्पष्टपणे बोलून दाखवतात. वकीलसाहेबांशी आमचा वीस वर्षांचा संबंध आहे आणि मला त्यांच्याबद्दल शंका नाही. परंतु काकांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

मी शब्दकोश पाहिला, त्यात ‘खंडपीठ’ या शब्दापुढे न्यायालयाचा विभाग अशा आशयाचा अर्थ मिळाला आणि गोंधळ अधिकच वाढला. तरी जाणकारांनी कृपया सांगावे, की खंडपीठ हे ठिकाणाचे नाव आहे की न्यायाधीशांच्या संख्येचे, आणि एकलपीठ हे खंडपीठाच्या आत असते की बाहेर? मला कायदेशीर सल्ला नको आहे, तो वकीलसाहेब देतीलच. मला शब्द समजून घ्यायचा आहे.

परिभाषाप्रेमी (उत्तर)

नमस्कार. आपल्या काकांचा तर्क चुकलेला नाही. मराठीने त्यांना फसवले आहे. एकाच शब्दावर आपण दोन ओझी लादली आहेत, आणि दोन्ही ओझी एकाच वाक्यात आली की भल्याभल्यांची गल्लत होते. मी अनेक वर्षे न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करतो आणि इतक्या वर्षांनंतरही ‘नागपूर खंडपीठाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने’ असे वाक्य समोर आले, की लेखणी थबकते.

इंग्रजीत या दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळी नावे आहेत. दोन न्यायमूर्ती एकत्र बसून प्रकरण ऐकतात, त्याला ‘डिव्हिजन बेंच’ म्हणतात. उच्च न्यायालय आपल्या मुख्य ठिकाणाबाहेर ज्या गावी बसते, त्याला नुसते ‘बेंच’ म्हणतात आणि पुढे गावाचे नाव लावतात: ‘बेंच ॲट नागपूर’, ‘बेंच ॲट औरंगाबाद’. म्हणजे ‘बेंच’ हा शब्द समान असला तरी ‘डिव्हिजन’ हे विशेषण पहिल्याच अर्थाचे आहे. मराठीत ‘डिव्हिजन बेंच’चे ‘खंडपीठ’ झाले ते योग्यच झाले. प्रश्न आला तो नुसत्या ‘बेंच’चा. त्याचे सरळ भाषांतर ‘पीठ’. परंतु ‘नागपूर पीठाने आदेश दिला’ असे लिहिले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे न्यायमूर्तींऐवजी पिठाची गिरणी उभी राहते. ‘विद्यापीठ’, ‘व्यासपीठ’, ‘शक्तिपीठ’ या शब्दांत पीठ म्हणजे आसन हे कोणालाही कळते, कारण तेथे त्याला सोबत आहे. एकटा पडला की तो शब्द डब्यात जाऊन बसतो. माझा अंदाज असा, की या अडचणीमुळेच ठिकाणासाठीही ‘खंडपीठ’ हाच भारदस्त शब्द रूढ झाला असावा. ‘न्यायपीठ’ हा निर्दोष शब्द उपलब्ध होता आणि शासकीय मराठीत तो वापरलाही जातो, पण बोलण्यात तो मुरला नाही.

आता ‘खंड’ आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे. १८६१ च्या उच्च न्यायालयांच्या कायद्यानुसार मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन झाली. मुंबईचे न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्याच कायद्यात अशी तरतूद होती, की न्यायालयाने आपल्या नियमांनी आपले अधिकार एकेका न्यायाधीशाकडून किंवा दोन अथवा अधिक न्यायाधीशांच्या ‘डिव्हिजन कोर्टां’कडून बजावून घ्यावेत, आणि कोणी एकट्याने बसायचे व कोणी जोडीने, हे मुख्य न्यायमूर्तींनी ठरवावे. यामागची कल्पना अशी, की उच्च न्यायालय हे सर्व न्यायमूर्ती मिळून एकच असते. परंतु सर्वांनी रोज एकत्र बसून प्रत्येक प्रकरण ऐकणे अशक्य असल्यामुळे न्यायालयाचा एक भाग, एक खंड, संपूर्ण न्यायालयाच्या वतीने बसतो. त्या खंडाने दिलेला निर्णय हा त्या खंडाचा राहत नाही, तो उच्च न्यायालयाचा होतो. त्यामुळे ‘खंड’ या शब्दात फुटून निघाल्याचा जो भाव मराठी कानाला जाणवतो, तो तेथे मुळीच नाही.

संख्येच्या अंगाने शब्द असे आहेत. एकच न्यायमूर्ती बसले तर ‘एकलपीठ’. दोघे बसले तर ‘खंडपीठ’. तिघे किंवा अधिक बसले तर उच्च न्यायालयात ‘पूर्णपीठ’. हा शेवटचा शब्दही थोडा फसवा आहे, कारण पूर्णपीठ म्हणजे सगळे न्यायमूर्ती नव्हेत. सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अर्थासंबंधी महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ (३) प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती बसतात, त्याला ‘घटनापीठ’ म्हणतात. तेथे ठिकाणाचा घोळ होत नाही, कारण सर्वोच्च न्यायालय दिल्लीतच बसते.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: ठिकाण या अर्थाच्या खंडपीठात एकलपीठही बसते आणि संख्या या अर्थाचे खंडपीठही बसते. काकांची याचिका छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, तेथील एकलपीठासमोर चालली. आता ती त्याच इमारतीत, कदाचित त्याच मजल्यावर, पण दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर जाऊ शकेल, एवढेच वकीलसाहेबांना म्हणायचे आहे.

नागपुरी काळा कोट (उत्तर)

वरील उत्तर भाषेच्या बाजूने पुरेसे आहे. मी वकील असून नागपुरात काम करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने काही जोडतो. आणि ‘खंड’ या शब्दाबद्दल आम्हा वैदर्भीयांच्या मनात जे थोडेसे आहे, तेही सांगून टाकतो.

नागपूरला आज खंडपीठ म्हणतात, पण १९३६ पासून १९५६ पर्यंत येथे स्वतंत्र, संपूर्ण उच्च न्यायालय होते. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला हे शेवटचे. राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, ते न्यायालय मावळले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसू लागले. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्ये विदर्भातील जिल्ह्यांच्या प्रकरणांसाठी किमान तीन न्यायमूर्ती नागपुरात बसतील, अशी हमीच लिहिली गेली. ज्यांच्या आजोबांनी येथे अख्खे न्यायालय पाहिले, त्यांना ‘खंड’ हा शब्द थोडा टोचतो, हे मी नाकारत नाही. परंतु परिभाषाप्रेमी म्हणतात तसे ‘न्यायपीठ’ लिहायला सुरुवात केली, तर इकडे कोणालाही हरकत नसावी.

ठिकाण या अर्थाच्या खंडपीठांचा कायदेशीर जन्म प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि त्यातली औरंगाबादची कथा आपल्या कामाची आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. पोटकलम (२) प्रमाणे राष्ट्रपती, राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून, कायमचे पीठ स्थापन करू शकतात. पोटकलम (३) प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि ‘डिव्हिजन कोर्ट्स’ अन्य ठिकाणीही बसवू शकतात. हे शब्द लक्षात घ्यावेत: एकेकटे न्यायमूर्तीही आणि खंडपीठेही. म्हणजे ठिकाण आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पोटकलमातच मांडलेले आहे. औरंगाबादला २७ ऑगस्ट १९८१ रोजी न्यायमूर्ती बसू लागले ते या दुसऱ्या वाटेने. त्याला आव्हान दिले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नारायण शामराव पुराणिक यांच्या खटल्यात १९८२ मध्ये मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य झाला. पहिल्या वाटेने ते कायमचे पीठ झाले १९८४ मध्ये. गोव्याचे वेगळेच, तेथे आधी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते आणि १९८२ मध्ये, त्यासाठीच केलेल्या १९८१ च्या स्वतंत्र केंद्रीय कायद्यान्वये, पणजीचे पीठ सुरू झाले.

आता मुद्द्याकडे येतो. अपील कोणाकडे करायचे, हे ठिकाणावर कधीच ठरत नाही. ते संख्येवर ठरते. नागपूरच्या निर्णयाविरुद्ध मुंबईला अपील करता येते, असा समज इतका पसरलेला आहे, की माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ‘साहेब, आता मुंबईला जाऊ’ म्हणत येतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे बसणारे सर्वजण एकाच न्यायालयाचे न्यायमूर्ती आहेत. आज येथे बसलेले न्यायमूर्ती पुढील वर्षी तेथे बसलेले दिसतात. त्यामुळे गोव्यात दोन न्यायमूर्तींनी दिलेला निर्णय नागपुरात एकट्या बसलेल्या न्यायमूर्तींवर बंधनकारक असतो. आणि नागपुरातील दोघांचे म्हणणे मुंबईतील दोघांना पटले नाही, तर त्यांनी उलट निर्णय देऊन मोकळे व्हायचे नसते. मुख्य न्यायमूर्तींकडे प्रकरण पाठवून मोठ्या पीठाची मागणी करायची असते.

कोणते प्रकरण एकट्याने ऐकावे आणि कोणते दोघांनी, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेच्या १९६० च्या नियमांवरून ठरते. कुळकायदा किंवा सहकारी संस्थांचा कायदा यांसारख्या कायद्यांखाली निघालेल्या आदेशांविरुद्धच्या अनेक याचिका एकलपीठाकडे जातात. काकांची याचिका एकट्या न्यायमूर्तींसमोर गेली, यात तिला कमी लेखण्याचा भाग नाही. त्या न्यायमूर्तींचा निर्णय हाही पूर्णपणे उच्च न्यायालयाचाच निर्णय आहे.

मग त्याच न्यायालयात पुन्हा अपील कसे? तेथे ‘लेटर्स पेटंट’ येते. इंग्लंडच्या राणीने ज्या सनदेने हे न्यायालय स्थापन केले, ती सनद म्हणजे लेटर्स पेटंट, आणि तिच्या पंधराव्या खंडात (बघा, येथेही ‘खंड’, पण हा ‘क्लॉज’ या अर्थाचा) एका न्यायमूर्तींच्या निर्णयाविरुद्ध त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे अपील ठेवलेले आहे. एक भाग जे बोलला, ते न्यायालयाच्या मोठ्या भागाने पुन्हा तपासावे, अशी ती व्यवस्था आहे. त्यामुळे काकांना ‘ज्याने नाही म्हटले त्याच्याच दारात’ जायचे नाही. त्या न्यायमूर्तींच्या निर्णयाबद्दल दुसऱ्या दोघांना विचारायचे आहे.

परंतु एक सावधगिरी. हे अपील प्रत्येक वेळी चालत नाही. याचिका राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट काढण्याच्या अधिकारात असेल, तर चालते. केवळ अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकारात असेल, तर चालत नाही. आपल्याकडे बहुतेक याचिकांच्या मथळ्यावर दोन्ही अनुच्छेद लिहिलेले असतात. अशा वेळी नुसता मथळा पाहून भागत नाही, याचिकेत खरोखर काय मागितले आणि न्यायालयाने कोणता अधिकार वापरला, हे पाहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये उमाजी मेश्राम यांच्या प्रकरणात या प्रश्नाचा ऊहापोह केला, तो मुंबई उच्च न्यायालयाच्याच संदर्भात. याशिवाय एकलपीठाने अपिलात निर्णय दिलेला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००-अ ने पुढील अपिलाची वाट बंद केली आहे. पण आपले प्रकरण रिट याचिकेचे असल्यामुळे ते कलम येथे लागू होणार नाही. वकीलसाहेबांनी ‘निर्णय कळवावा’ असे लिहिले आहे, त्याअर्थी २२६ आणि २२७ चा विचार त्यांनी केलेला असावा. हा एक प्रश्न मात्र त्यांना जरूर विचारावा.

पंचगंगाकाठ (उत्तर)

कोल्हापूरचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. सहा जिल्ह्यांतील माणसांनी कित्येक वर्षे ‘खंडपीठ हवे’ अशी घोषणा दिली. मोर्चे, न्यायालयीन कामकाजावर बहिष्कार, सारे त्याच शब्दाने झाले. शेवटी १७ ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झाले ते ‘सर्किट बेंच’चे, आणि १८ ऑगस्टपासून सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. त्या दिवसापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरही हा वाद ऐकू येतो, की ‘आपल्याला खंडपीठ मिळाले की नाही?’

वर ज्या दोन वाटा सांगितल्या, त्यांपैकी कोल्हापूरची वाट मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाची, म्हणजे पोटकलम (३) ची आहे. औरंगाबादची सुरुवातही तेथूनच झाली होती. म्हणून ‘कायमचे पीठ’ या अर्थाने ते अजून खंडपीठ नाही. परंतु अधिकारात काही कमी आहे असे नव्हे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे येथे चालतात, आणि येथे एकट्या न्यायमूर्तींचीही पीठे बसतात व दोघांचेही. गंमत अशी, की ज्यांना खंडपीठ मिळाले नाही म्हणून हळहळ वाटते, त्यांच्याच सर्किट बेंचमध्ये खंडपीठ बसते आहे. वृत्तपत्रे कधी ‘फिरते खंडपीठ’ असेही लिहितात; पण ते फिरत कोठेच नाही, नेमाने कोल्हापुरातच बसते. ‘सर्किट’ हा शब्द न्यायाधीश गावोगाव फेरीवर जात असत त्या काळातला आहे.

आमच्या वकील मित्राने एका पक्षकाराला हे समजावताना एसटीचे उदाहरण दिले: महामंडळ एक, आगार अनेक, आणि गाडीवर चालक एकटा आहे की वाहकही सोबत आहे, हा तिसराच प्रश्न. पक्षकाराला ते ताबडतोब कळले. काकांनाही सांगून पाहावे.

बातमीदार (उत्तर)

वृत्तपत्रांवर ठपका येतोच आहे, तर आमची बाजूही ऐकावी. दोन ओळींच्या बातमीत ‘मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठातील एकलपीठाने’ एवढे लिहिले, की पहिली ओळ तेथेच संपते. मग उपसंपादक ‘एकलपीठ’ कापतो, कारण वाचकाला ठिकाण कळणे अधिक गरजेचे, असे त्याला वाटते. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. मी स्वतः हल्ली ‘न्यायमूर्ती अमुक यांच्यासमोर’ किंवा ‘न्यायमूर्ती अमुक आणि तमुक यांच्या पीठासमोर’ असेच लिहितो. नावे आली, की संख्या आपोआप कळते आणि ‘खंड’ शब्दाची गरजच उरत नाही.

अंबाजोगाईकर (प्रश्नकर्त्याचे उत्तर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एसटीचे उदाहरण काकांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, आणि मग निकालाची नक्कल माझ्यापुढे ठेवून नवा प्रश्न काढला.

नक्कलेच्या पहिल्या पानावर वर इंग्रजीत न्यायालयाचे नाव, त्याखाली ‘बेंच ॲट औरंगाबाद’ आणि याचिकेचा क्रमांक आहे. पक्षकारांची व वकिलांची नावे संपल्यावर ‘कोरम’ असा शब्द, त्यापुढे दोन टिंबे, आणि मग एकाच न्यायमूर्तींचे नाव व शेवटी ‘जे’ हे इंग्रजी अक्षर. काका सरपंच होते. ते म्हणतात, ‘ग्रामसभेलासुद्धा कोरम लागतो, आणि कोरम भरला नाही तर सभा तहकूब करावी लागते. येथे कोरम म्हणून एकाच माणसाचे नाव लिहिले आहे. एकट्याचा कोरम कसा होतो? होत नसेल तर हा निकालच रद्द व्हायला हवा.’ मी निरुत्तर झालो आहे.

परिभाषाप्रेमी (उत्तर)

काकांना माझा नमस्कार सांगावा. असा वाचक मिळणे भाग्याचे आहे. पण हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि देवनागरीत लिहिले की त्यांतला फरक पुसला जातो. ग्रामसभेचा कोरम म्हणजे गणपूर्ती. त्याचे इंग्रजी लेखन ‘क्यू’ या अक्षराने सुरू होते. निकालपत्रावरचा कोरम ‘सी’ या अक्षराने सुरू होतो. तो लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘समोर’ किंवा ‘समक्ष’ एवढाच आहे. म्हणजे त्या ओळीचा अर्थ, ‘हे प्रकरण अमुक न्यायमूर्तींच्या समक्ष चालले.’ आपल्या जुन्या कागदांत ‘समक्ष’ लिहून खाली पंचांची नावे येतात, तसाच हा प्रकार. तेथे किती जण असावेत, याचा काही नियम त्या शब्दात नाही.

योगायोग असा, की ग्रामसभेचा कोरमही मूळचा न्यायदानाच्याच क्षेत्रातला आहे. इंग्लंडमध्ये शांतता राखण्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांच्या सनदेत काही विशिष्ट जणांपैकी कोणीतरी हजर असलेच पाहिजे, असे लॅटिनमध्ये लिहिलेले असे, आणि त्यातील ‘ज्यांच्यापैकी’ या अर्थाचा शब्द पुढे सभेच्या गणपूर्तीला चिकटला. त्यामुळे काकांची शंका अगदीच निराधार नव्हती, फक्त ती चुकीच्या अक्षरावर बसली.

त्याच ओळीत आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही आहे. नावाच्या शेवटी ‘जे’ (‘जस्टिस’, म्हणजे न्यायमूर्ती) हे अक्षर एकदाच आले असेल, तर ते एकलपीठ. दोघे असतील तेव्हा दोन नावे येतात आणि अक्षर जोडून ‘जेजे’ असे लिहितात. इंग्रजी कायद्याच्या लेखनात अनेकवचन असे अक्षर दोनदा लिहून होते. शेवटच्या पानावरही पाहावे: सही आणि कंसातले नाव एकाच न्यायमूर्तींचे असेल. ‘बेंच ॲट औरंगाबाद’ ही वरची ओळ ठिकाण सांगते आणि कोरमची ओळ संख्या सांगते. ‘खंडपीठ’ या एका मराठी शब्दात ज्या दोन गोष्टी मिसळल्या, त्या त्या कागदावर अशा स्वतंत्र ओळींत आधीपासूनच लिहिलेल्या आहेत.

नागपुरी काळा कोट (उत्तर)

‘जे’ आणि ‘जेजे’ची खूण उत्तम. मी कनिष्ठ वकिलांनाही हेच सांगतो, की निकाल वाचण्याआधी कोरम वाचा. कोणाचा निर्णय कोणावर बंधनकारक आहे, हे तेथेच कळते.

नक्कल हाती आली आहे, असे आपण लिहिलेत, म्हणून एक आठवण करून देतो. उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध त्याच न्यायालयात करायच्या अपिलाची मुदत मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांची आहे, आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, काकांची खात्री पटल्याच्या तारखेपासून नव्हे. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. नक्कलेवर नक्कल विभागाच्या शिक्क्यासोबत अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख लिहिलेली असते. त्या तारखा आजच वकीलसाहेबांना फोनवर वाचून दाखवा.

अंबाजोगाईकर (प्रश्नकर्त्याचे उत्तर)

शिक्का पाहिला. अर्ज निकालानंतर चौथ्या दिवशी केलेला आहे आणि नक्कल त्यानंतर नऊ दिवसांनी तयार झाली. वकीलसाहेबांना तारखा कळवल्या. ते म्हणाले, दिवस आहेत, पण फार नाहीत. २२६ आणि २२७ बद्दलही विचारले, तेव्हा क्षणभर थांबून त्यांनी ‘हे तुम्हांला कोणी सांगितले?’ असे विचारले आणि मग सविस्तर समजावले. त्यांच्या मते आमचे अपील चालण्यासारखे आहे.

काकांनी चष्मा लावून कोरमची ओळ पुन्हा एकदा वाचली, ‘जे’ या एका अक्षराखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि वकालतनामा मागवला आहे. तो आला की आधी संपूर्ण वाचणार, मग सही करणार, असे त्यांनी बजावून ठेवले आहे.